न केलेला फोन

गोवंडी, १२ नोव्हेंबर

प्रिय भीमराज,
सप्रेम जयभीम.

पेपरात तुझा फोटो आला. केंद्रीय न्याय विभागाचे नवे सचिव. फोटोत तुझे कान बाबांसारखे मोठे दिसतात. कात्रण कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. त्या दिवशी पेढेही आणले. कुणाकडे घेऊन जावं ते ठरेना, मग चार दिवस मीच खाल्ले.

फोन करू नकोस, म्हणून हे पत्र. उजवा कान गेलाच होता, आता डावाही गेल्यात जमा आहे. मशीन लावलं की ताटवाट्यांचा आवाज दणकून येतो, माणसांचा येत नाही. एकतीस वर्षं घाटकोपरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे कॉल जोडले, आणि आता सख्ख्या भावाचा आवाज कळत नाही. मोबाइलवर लिहायला गेले तर बोट भलतीकडेच पडतं. कागद बरा.

एक विचारायचं होतं. तुमच्या विभागाचं नेमकं काम काय असतं रे? आमच्या इमारतीत एक बाई आहे, तिच्या मुलाचा जामिनाचा अर्ज कोर्टात पडून आहे. तारीख लागते आणि पुढची तारीख मिळते. तुमचा विभाग असं काही हलवू शकतो का? तिनं विचारलं म्हणून लिहिते.

सम्यक बरा आहे. कामात असतो.

तुझी,
चंपाताई

---

नवी दिल्ली, २४ नोव्हेंबर

ती. ताईस,
सविनय जयभीम.

तुझं अक्षर इतक्या वर्षांनी पाहिलं आणि फाइली बाजूला सारून आधी तेच वाचलं. कानाचं आधी का नाही कळवलंस? मी दर रविवारी फोन करायचो तेव्हा तू 'हो, हो' म्हणायचीस ते न ऐकताच का?

विभागाचं काम विचारलंस. वर मंत्री असतात, त्यांच्या हाताखाली प्रशासनाचा प्रमुख म्हणून मी. उच्च न्यायालयांच्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या नेमणुकीच्या फाइली आमच्याकडून जातात. कोर्टाच्या इमारती, संगणक, गरिबांना मोफत वकील मिळावा यासाठीच्या योजना, असं सगळं. मोठं काम आहे, मनापासून आवडतं मला. पण अमुक खटल्यात काय करा, हे कुठल्याही न्यायाधीशाला सांगायचा अधिकार मला नाही, मंत्र्यांनाही नाही. लोकांना वाटतं न्याय विभाग म्हणजे न्याय देणारा. आम्ही न्यायाची जागा झाडून-पुसून ठेवतो, एवढंच म्हण.

त्या बाईला सांग, कोर्टाच्या आवारातच विधी सेवेचं कार्यालय असतं. तिथं अर्ज केला की वकील फुकट मिळतो. लाजू नको म्हणावं, तो तिचा हक्क आहे.

माझं म्हणशील तर खोली एवढी मोठी आहे की दारातून आलेला माणूस टेबलापर्यंत पोचेतो काय बोलायचं ते विसरतो. डबा एकटाच खातो. पूर्वी सहसचिव असताना चौघं-पाचजण मिळून खायचो. आता मी गेलो की ते उठून उभे राहतात, म्हणून जात नाही.

सम्यक माझ्या मेसेजला उत्तर देत नाही. मामावर रागावलाय का?

तुझा,
भीमराज

---

गोवंडी, ९ डिसेंबर

प्रिय भीमराज,

यंदा सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर गेले नाही. सम्यक हाताला धरून न्यायचा.

इमारतीतली ती बाई म्हणजे मीच.

सम्यक ऑगस्टपासून तुरुंगात आहे. पाण्यासाठी मोर्चा निघाला होता, रस्त्यावर रेटारेटी झाली, दगड आले. एका हवालदाराचा डोळा गेला. नऊ पोरांना उचललं, त्यात हा. खुनाचा प्रयत्न म्हणून कलम लावलंय. मुलुंडच्या ज्या लॅबमध्ये तो रक्त तपासायचा तिथून तिसऱ्या दिवशी नाव काढलं. तुला कळवलं नाही, कारण तेव्हाच तुझं नाव सचिवपदासाठी चाललंय असं तू म्हणाला होतास. म्हटलं, एवढ्या वर्षांनी आपल्यातला एक माणूस त्या खुर्चीपाशी पोचतोय, त्याच्या पायात आपण यायचं नाही. आधी खुर्ची मिळू दे, मग बघू.

तुरुंगात भेटीला जाते. काचेच्या पलीकडे तो, अलीकडे मी, मधे फोन. तो बोलतो, मी ओठांकडे बघते. त्याला वाटतं आईला थोडंफार ऐकू येतं. मी मान हलवते. वीस मिनिटं संपली की हात काचेला लावतो आणि जातो.

इमारतीत पहिल्या महिन्यात सगळे आले. आता जिन्यात भेटले तर नुसते हसतात. त्यांचीही पोरं आहेत, त्यांनाही भीती वाटते, मी समजू शकते. पण आठवडा आठवडा तोंडातून शब्द काढायची वेळ येत नाही.

सोबत कोर्टाच्या कागदाची झेरॉक्स जोडलीय. वर न्यायाधीशांचं नाव आहे. भीमराज, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. त्याला सोडून द्या असं म्हणू नकोस. फक्त एकदा अर्ज ऐका, एवढंच म्हण. एक फोन कर.

चंपाताई

---

नवी दिल्ली, १७ डिसेंबर

ती. ताई,

चार महिने. चार महिने तू हे एकटीनं सोसलंस, आणि मी तुला मोठ्या खोलीची गोष्ट सांगत बसलो. पत्र वाचल्यावर तुझा नंबर लावला. तू उचललास, 'हॅलो, हॅलो' म्हणत राहिलीस. मी बोलत होतो ताई. तू ठेवून दिलास.

आता जे लिहितोय ते लिहायला तीन दिवस लागले. मी फोन करणार नाही.

मी नुसतं नाव सांगितलं तरी त्या न्यायाधीशांना कळेल कशासाठी. मला काही मागावंही लागणार नाही. नेमकं म्हणूनच तो फोन होता कामा नये. अशा फोनवर सुटलेली माणसं मी पाहिली आहेत. ज्यांचं दिल्लीत कुणी नाही त्यांचे अर्ज अशांच्या अर्जांखाली दबून राहतात. त्या नऊ पोरांतल्या बाकीच्या आठ जणांना मामा नाही.

विधी सेवेत जा. माझं नाव सांगू नकोस. तिथं मिळेल तो वकील घे.

एक विचारतो, राग धरू नकोस. त्यानं दगड मारला होता का?

भीमराज

---

नवी दिल्ली, १० जानेवारी

ती. ताई,

तुझं पत्र नाही. रागावली आहेस, माहीत आहे. प्रश्न विचारायला नको होता. गरम शाल पाठवली आहे, तिकडे थंडी आहे म्हणून नव्हे, दुसरं काय पाठवावं सुचलं नाही म्हणून. वकील मिळाला का, एवढं कळव.

भीमराज

---

नवी दिल्ली, १८ फेब्रुवारी

ती. ताई,

शाल परत आली. पाकिटावर तुझ्याच अक्षरात 'घेतली नाही' असं आहे. निदान अक्षर तरी दिसलं.

मागच्या आठवड्यात माझ्या टेबलावर एक फाइल आली. तिच्यात काय आहे ते तुला लिहिता येत नाही. ती उघडली आणि लगेच मिटली. मग मंत्र्यांकडे गेलो. म्हटलं, माझा सख्खा भाचा अमुक गुन्ह्यात कच्चा कैदी आहे, या फाइलला मी हात लावणं बरोबर नाही.

ते म्हणाले, "कुणाला ठाऊक आहे हे?"

"मला आहे," मी म्हणालो.

त्यांनी एक कोरा कागद माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "लिहून द्या. पण लिहिलेलं बाहेर जातं, हे तुम्हाला मी सांगायला नको."

लिहून दिलं. पेपरात काही आलं तर तू एकटीनं वाचू नकोस, कुणाला तरी जवळ बसव. आणि झालंच तर मला शिव्या दे, पण पत्रातून दे.

भीमराज

---

गोवंडी, ३ मार्च

भीमराज,

कुणाला जवळ बसवू? नाव सांग एखादं.

पेपरात आलं. 'न्याय सचिवांचा भाचा तुरुंगात.' वरच्या मजल्यावरची मनाली, जी सहा महिने बघून न बघितल्यासारखं करायची, ती पेपर घेऊन धावत आली. सम्यकच्या बराकीतही कळलं. तिथले त्याला 'सेक्रेटरी' म्हणतात आणि बाकीच्या आठ जणांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. त्यांना वाटतं हा मामाच्या जोरावर आमच्या आधी सुटणार.

आणि सुटला का? ऐक. विधी सेवेतून अपूर्वा नावाची वकील मिळाली. सत्तावीस-अठ्ठावीसची पोरगी, पण तयारीची. तुझं नाव मी तिला सांगितलं नव्हतं. तिनं धडपडून चोवीस फेब्रुवारीची तारीख घेतली, न्यायाधीश ऐकायला तयार झाले. मी सकाळी साडेनऊपासून बाकावर बसले होते. साडेअकराला ती बाहेर आली आणि माझ्या वहीत लिहिलं, 'अर्ज या कोर्टातून काढून दुसरीकडे दिला. वरून आदेश. नातेवाइकामुळे.' दुसऱ्या कोर्टात पुढची तारीख एप्रिलअखेरची, आणि मग सुट्टी.

नातेवाइकामुळे! तू फोन केला नाहीस, ते मी गिळलं होतं. पण तुझ्या इमानदारीनं माझा पोरगा आणखी तीन महिने आत राहणार. बाकीच्यांना मामा नाही म्हणालास ना? त्यांच्यातल्या दोघांना त्याच कोर्टात परवा जामीन झाला. मामा नव्हता म्हणून झाला.

स्वतःचे हात धुऊन घेतलेस तू. ते पाणी माझ्या दारात आलंय.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर. मी विचारलं होतं त्याला, सप्टेंबरातच, त्या फोनमध्ये ओरडून. तो बोलला. खूप वेळ बोलला, खाली मान घालून, त्यामुळे ओठही दिसले नाहीत. मी मान हलवली. त्याला वाटतंय त्यानं आईला सांगितलंय. काय सांगितलंय ते मला माहीत नाही. पुन्हा विचारायचा धीर होत नाही. हे तुला लिहितेय कारण दुसरं कुणी नाही लिहायला. नाहीतर लिहिलं नसतं.

चंपा

---

नवी दिल्ली, १४ मार्च

ती. ताई,

तुझं पत्र मिळालं. पेपरात आलंच आहे तर आता सांगतो. सम्यकचा अर्ज ज्यांच्यापुढे होता, त्या न्यायाधीशांचं नाव उच्च न्यायालयासाठी सुचवलं गेलं होतं. ती फाइल पुढे ढकलणं किंवा अडवणं माझ्या हातात होतं. उद्या त्यांनी जामीन दिला असता तर बढतीसाठी दिला म्हणाले असते, नाकारला असता तर मी त्यांची फाइल अडवली म्हणाले असते. मी गप्प बसलो असतो तर कदाचित कुणाला कळलंही नसतं आणि सम्यक आज घरी असता. हा हिशोब मी फाइल मिटतानाच केला होता. तारीख लांबेल हे मला कळत होतं, ताई. कळत असून लिहून दिलं.

तू म्हणतेस ते खरं आहे. किंमत मी दिली नाही, त्यानं दिली.

मी बरा आहे. जेवतो.

भीमराज

---

गोवंडी, २० एप्रिल

प्रिय भीमराज,

मागचं पत्र साध्या कागदावर होतं. वर सिंहाचं चित्र नव्हतं. मला वाटलं शिक्का असलेले कागद संपले असतील.

काल अपूर्वानं इंग्रजी पेपर दाखवला. नवीन सचिव मार्चच्या पहिल्या आठवड्यातच आले म्हणे. जुने सचिव स्वतः मागून दुसरीकडे गेले, एका अभ्यास समितीवर. निवृत्तीला तीन महिने राहिले असताना. अपूर्वानं वहीत लिहिलं, 'यांना जा असं कुणी म्हटलं नव्हतं. असं सहसा कुणी करत नाही.' मी तिला लिहिलं, 'तो माझा भाऊ आहे.' तिला माहीत होतं. पहिल्या दिवसापासून कागदांवरचं माझं माहेरचं आडनाव बघून माहीत होतं, बोलली नाही.

तू मला शिव्या पत्रातून दे म्हणालास, मी दिल्या. पण हे का सांगितलं नाहीस? 'किंमत मी दिली नाही' असं लिहिताना खुर्ची सोडून आठवडा झाला होता तुला. मी बोलले ते मागे घेत नाही. माझा पोरगा आत आहे, मला ते मागे घेता येत नाही. पण माझ्यापासून लपवायचं नाही. ते काम आधी मी करून बसलेय.

अपूर्वानं तुरुंगात अर्ज केला, आईला ऐकू येत नाही, तर समोरासमोर बसू द्या आणि वही-पेन वापरू द्या. मंजूर झाला. बुधवारी टेबलाच्या दोन बाजूंना बसलो. वाळलाय. मी वहीत लिहिलं, 'त्या दिवशी तू काय सांगितलंस ते मला ऐकू आलं नव्हतं.' त्यानं ते वाचलं. मग डोकं टेबलावर टेकवून रडला. शिपाई जवळ आला, मी हातानं थांब म्हटलं, तो थांबला.

मग त्यानं लिहिलं. 'दगड मीपण मारला. एकच. माझा लागला की दुसऱ्याचा, मला माहीत नाही. हवालदाराचा चेहरा पाहिला, मग मीच त्याला रिक्षात घातलं.'

ते पान फाडून घ्यायचं होतं. शिपायानं घेऊ दिलं नाही, तिथंच राहिलं. मी तुला तोंडपाठ लिहितेय.

आता मला कळत नाही मी कशासाठी तुझ्यावर रागावले होते आणि कशासाठी नाही. त्या हवालदाराच्या घरी कुणी गेलं असेल का रे?

चंपाताई

---

नवी दिल्ली, ६ मे

ती. ताई,

पत्र चार वेळा वाचलं. त्याला सांग, कोर्टात काय बोलायचं ते अपूर्वाला विचारून बोल. आणि तुला जे लिहून दिलं, ते तुला लिहून दिलं हे चांगलं केलं.

हवालदाराचं माहीत नाही. मला वाटलं होतं चौकशी करावी. पण मी केली तरी तिचा अर्थ वेगळा लागेल, म्हणून गप्प बसलो. त्या पदावर जाण्याआधी मला कळलं नव्हतं की तिथं माणूस म्हणून करायच्या गोष्टीही आधी तपासून घ्याव्या लागतात.

खुर्चीचं लिहिलं नाही, कारण तू मला माफ करशील अशी भीती वाटली. तेवढ्यासाठी मला माफी नको होती.

३१ तारखेला निवृत्त होतो. समितीच्या खोलीत माझ्याशिवाय एक कारकून आहे, तोही अर्ध्या दिवसाचा. बंगला काही महिने ठेवता येतो, पण सोडतो. दोन खोल्या भाड्यानं बघितल्यात इथेच. मुंबईला यायचं मनात आलं होतं. सम्यकला आवडणार नाही, म्हणून तूर्त नको.

भीमराज

---

गोवंडी, १९ जून

प्रिय भीमराज,

जामीन झाला. नवीन न्यायाधीश बाई आहेत. पंधरा मिनिटं ऐकलं आणि दिला. राहिलेल्यांनाही दिला. दहा महिन्यांत ती पंधरा मिनिटं मिळत नव्हती.

मंगळवारी घरी आला. मी भरली वांगी केली होती. दोन घास खाल्ले आणि ताट सरकवलं. दार लावू देत नाही. संडासाचंसुद्धा अर्धवट लोटतो. दिवसभर गॅलरीत उभा असतो. लॅबवाले परत घेणार नाहीत. देवनारला एकाच्या दवाखान्यात विचारतोय.

तुझी सगळी पत्रं त्याच्यापुढे ठेवली. वाचली. मग वहीत लिहिलं, 'मामानं फोन करायला हवा होता.' थोड्या वेळानं त्याखाली लिहिलं, 'नव्हता करायला हवा.' दोन्ही तसंच ठेवलं, एकही खोडलं नाही.

ये म्हणत नाही तुला. घर आता दोघांचं असूनही एकेकाचंच आहे. तो खोलीत असला की मला बाहेर बसावंसं वाटतं आणि मी आत गेले की तो बाहेर जातो. वेळ लागेल.

शाल परत पाठव. घेईन.

चंपाताई

---

गोवंडी, १४ ऑगस्ट

मामा,
जयभीम.

मी सम्यक. आईला न सांगता लिहितोय. पत्ता तिच्या पाकिटावरून घेतला.

तुमच्यावरचा राग गेलेला नाही. जाईल की नाही माहीत नाही. खोटं लिहायचं नाही असं ठरवून बसलोय.

२ सप्टेंबरला खटला उभा राहतोय. पहिला साक्षीदार ते हवालदारच आहेत. आई येणार म्हणते, नको म्हटलं तर ऐकत नाही. तिला तिथलं काही ऐकू येणार नाही. मी पिंजऱ्यात असेन, अपूर्वा मॅडम पुढे असतील. तो माणूस माझ्याकडे बघून काहीतरी सांगेल आणि आई बाकावर बसून नुसती मान हलवत राहील. मला ते बघवणार नाही.

तुम्ही तिच्या शेजारी बसाल का? वकिलांशी बोलायचं नाही, न्यायाधीशांना ओळख दाखवायची नाही. फक्त काय चाललंय ते तिला वहीत लिहून द्यायचं. सगळं लिहायचं. माझ्या विरुद्धचंसुद्धा.

सम्यक

---

दिल्ली, २० ऑगस्ट

चि. सम्यक,
जयभीम.

येतो. ३१ तारखेची गाडी आहे. उतरायची सोय वर्सोव्याला एका जुन्या मित्राकडे केली आहे, तुझ्या घरी नाही.

जे ऐकेन ते सगळं लिहीन, जसंच्या तसं. माझं अक्षर लहान आहे, ताईला वाचायला त्रास होईल, म्हणून मोठं लिहायची सवय करतोय.

एक अडचण आहे. त्या कोर्टात मी दोनदा गेलोय, दोन्ही वेळा उद्घाटनाला. गाडी थेट पायऱ्यांपर्यंत गेली आणि लोक दार उघडून उभे होते. लोकांना आत कुठून सोडतात, पिशवी कुठं तपासतात, कितव्या मजल्यावर जायचं, मला काहीच माहीत नाही. तू सकाळी लवकर येशील तेव्हा मला फाटकापाशी भेट. बोललास नाही तरी चालेल. तुझ्या मागून येतो.

तुझा,
भीमराजमामा